पहिली लादी कोण लावू देईल?

भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये नाहूर स्थानक सुरू झाले ते बरेच उशिरा. त्याआधी इथल्या माणसाला लोकल पकडायची तर दोन्हीपैकी एका स्थानकापर्यंत तंगडतोड करावी लागे. एलबीएस मार्गाच्या कडेने तेव्हा कारखान्यांचा पट्टा होता. सिएट टायर रोडसारख्या नावांतून तो अजून डोकावतो. आता त्याच पट्ट्यात टॉवर उभे राहिले आहेत, मुलुंडकडच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत, आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे काम चालूच आहे. म्हणजे लादी बसवणाऱ्याच्या कामाला या भागात तोटा असायचे कारण नाही.

किती काम, याचा अंदाज एका साध्या हिशेबाने येतो. दहा बाय पंधराचा हॉल घ्या: दीडशे चौरस फूट लादी. आता सात बाय चारचे बाथरूम घ्या. चारही भिंतींची मिळून लांबी बावीस फूट, सात फूट उंचीपर्यंत लादी, त्यातून दरवाजा वजा आणि खालची फरशी जमा. बेरीज एकशे साठच्या वर जाते. पाहुण्यांना दाखवायच्या खोलीपेक्षा घरातल्या लहानशा न्हाणीघराला लादी जास्त लागते, आणि कौशल्य तर कितीतरी जास्त. एका मजल्यावर सहा फ्लॅट, फ्लॅटमागे दोन बाथरूम, असे तीस मजले धरले की आकडा डोळे फिरवतो.

तरीही नुकताच कोर्स पुरा केलेला, हातात प्रमाणपत्र असलेला विशीतला मुलगा महिनोन् महिने घरी बसून राहू शकतो. तो ठेकेदाराकडे जातो. ठेकेदार विचारतो, ‘आधी कुठे काम केलंय?’ मुलगा संस्थेचे नाव सांगतो. ठेकेदार म्हणतो, ‘बरं, नंबर ठेवून जा.’ तो नंबर पुढे कोणी लावत नाही.

ठेकेदाराला दुष्ट ठरवून इथेच लेख संपवता आला असता. पण त्याचा हिशेब समजून घेतला तर वाट सापडते.

लादीच्या कामात माल महाग आणि मजुरी त्या मानाने स्वस्त असते. शिवाय मालाला तिढा असतो तो लॉटचा. गुजरातमधल्या मोरबीच्या भट्टीतून निघालेल्या एकाच डिझाइनच्या दोन लॉटमध्ये रंगाची किंचित तफावत असते. दुकानात ती दिसत नाही, हॉलमध्ये सकाळच्या तिरप्या उन्हात लख्ख दिसते. नव्या पोराने चार लाद्या चुकीच्या कापल्या आणि खोके कमी पडले, तर नवे खोके आणायला धावायचे, ते त्याच लॉटचे मिळाले नाही तर गिऱ्हाइकाशी भांडायचे, आणि शेवटी पैसे स्वतःच्या खिशातून भरायचे, हे सगळे ठेकेदाराच्या वाट्याला येते. बाथरूममध्ये उतार उलटा पडला तर पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येते; मग बसवलेले सगळे फोडावे लागते. ठेकेदाराच्या ‘अनुभव किती’ या प्रश्नात म्हणूनच दुसरा प्रश्न लपलेला असतो: माझा माल तुझ्या हाती दिला आणि बिघडला, तर भरून कोण देणार?

गावाकडून आलेल्या मुलाला या प्रश्नाचे उत्तर तयार मिळते. मुंबईत बांधकामावरच्या टोळ्या बहुतेक गावानुसार बनतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, बंगालमधून आलेला मिस्त्री आपल्या गावचा, नात्यातला पोरगा बरोबर आणतो. त्याने चूक केली तर मिस्त्री भरून देतो आणि पुढे त्याच्या रोजातून कापतो. कोणाचा तरी जामीन असतो. भांडुप-नाहूरच्या चाळीत वाढलेल्या, वडील कंपनीत किंवा रिक्षावर असलेल्या मुलामागे असे कोणी नसते. मराठी मुले हे काम करायला तयार नसतात, असे सरधोपटपणे बोलले जाते. तयार असलेल्यालाही आत शिरायला दार नसते, हे त्यात राहून जाते.

प्रमाणपत्राने हे दार का उघडत नाही? आयटीआयमध्ये ‘मेसन’ हा एक वर्षाचा ट्रेड असतो. त्यात वीटकाम, गिलावा, फरशी सगळेच थोडे थोडे. फक्त लादीसाठी बांधकाम क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने ‘मेसन टायलिंग’ असा वेगळा अभ्यासक्रम ठरवला आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेसारख्या योजनांतून असे अभ्यासक्रम शिकवले जातात, पण ते काही शे तासांचे असतात. जर्मनीत याच कामाची उमेदवारी तीन वर्षांची आहे आणि ती चालत्या कामावर, पगारी करायची असते. गंमत म्हणजे त्यांनाही उमेदवारीचा प्रश्न सुटलेला नाही. स्वतःचा धंदा काढायला लागणारी उस्तादाच्या परीक्षेची अट तिथे २००४ मध्ये लादीकामापुरती काढून टाकली. एकेकट्या माणसांचे धंदे भराभर वाढले, पण उमेदवार शिकवायला ठेवणारे कमी झाले. २०२० मध्ये सरकारने ती अट परत आणली.

आपल्याकडे परीक्षा नाही आणि अटही नाही. पूर्वी मात्र कामाच्या घडणीतच उमेदवारी होती. नाहूरपासून दोन स्थानकांवर, कांजूरमार्गला, १९५३ मध्ये सुरू झालेल्या निटको या लाद्यांच्या कंपनीचे मुख्यालय होते. खाडीपलीकडे उरणला भारत टाइल्सने १९२२ पासून स्वदेशी सिमेंटच्या लाद्या बनवायला घेतल्या. मुंबईच्या जुन्या घरांतल्या मोझेकच्या लाद्या बसवल्यावर घासाव्या लागत. मशीन फिरवणे, पाणी मारणे, लगदा काढणे, भोके भरणे, पुन्हा घासणे. लादीला हात लावू न देताही नव्या पोराला त्यात महिनाभर काम पुरे, आणि बघता बघता तो शिके. शहाबादी, कोटा बसवतानाही मसाल्याचा जाड थर असायचा. लादी थोडी वर-खाली झाली तर ठोकून सारखी करता यायची. आजची व्हिट्रिफाइड लादी भट्टीतून चकचकीत होऊन येते. घासणे नाही, पॉलिश नाही. दोन बाय चार फुटांची एक लादी पंधरा किलोच्या आसपास भरते आणि दोन लाद्यांच्या कडांत नखभर फरक राहिला तरी पायाला लागतो. शिकाऊ पोराने करावे असे मधले काम उरलेलेच नाही.

या बदलाने नव्या मुलाच्या हाती एक गोष्ट मात्र दिली आहे. ती तो सहसा वापरत नाही.

भिंतीची साधी सिरॅमिक लादी पाणी भरपूर पिते, वजनाच्या दहा टक्क्यांहूनही जास्त. सिमेंटचा राप तिच्या छिद्रांत शिरतो आणि धरून ठेवतो. व्हिट्रिफाइड लादी अर्धा टक्काही पाणी शोषत नाही. तिच्या पाठीला सिमेंटने धरायला जागाच नाही. तिथे पॉलिमर असलेले अॅढेसिव्ह लागते. ते कोणत्या लादीला आणि कोणत्या पृष्ठभागाला कोणत्या प्रकारचे, हे भारतीय मानक १५४७७ मध्ये ठरवून दिले आहे. कित्येक जुने मिस्त्री अजून लादीच्या पाठीवर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे गोळे थापून ती भिंतीला दाबतात. वरून सुरेख दिसते. मागे हवा राहते. ठोकून पाहिले की ढब-ढब वाजते, आणि पुढे कधी टॉवेलच्या हुकासाठी ड्रिल मारले की तिथेच तडकते. दातेरी थापीने एका दिशेने रेघा ओढून पूर्ण पाठ भरायची, मग लादी थोडी सरकवत दाबायची, अधूनमधून एखादी उचलून मागे माल सगळीकडे लागला का पाहायचे, हे प्रशिक्षणात नव्याने शिकलेला मुलगा करतो. तीस वर्षांचा अनुभव इथे कधी कधी आडवा येतो. पण साइटवर हे जुन्या मिस्त्रीला तोंडावर ऐकवू नये. शेजारच्या भिंतीवर आपण करून दाखवावे, आणि तो वाजवून बघायला येईल तेव्हा गप्प राहावे.

जे प्रशिक्षणात शिकता येत नाही ते मांडणीत आहे. वर्गातली भिंत काटकोनात असते. नाहूर-मुलुंडच्या सत्तरच्या दशकातल्या इमारतीत एकही कोपरा गुण्यात सापडणार नाही. म्हणून मिस्त्री आधी टेप काढतो: एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमधले अंतर. पाच फूट भरले तर कोपरा काटकोनात. पाच फूट एक इंच आले तर खोली उघडी पडत गेली आहे आणि शेवटच्या रांगेत पाचर येणार. ती पाचर कोणत्या भिंतीला लपवायची, पलंगाखाली की दारामागे, हे पहिली लादी बसवायच्या आधी ठरते.

खोली दहा फूट तीन इंच रुंद आणि बारा फूट लांब आहे असे धरू. लाद्या दोन बाय दोन. एका कडेने सुरुवात केली तर रुंदीत पाच अख्ख्या लाद्या बसतात आणि तीन इंचांची पट्टी उरते. ती पट्टी आयुष्यभर डोळ्यांत खुपते. जाणता मिस्त्री चार अख्ख्या लाद्या मध्ये घेतो आणि दोन्ही कडांना साडेतेरा इंचांचे तुकडे देतो. खोली एकदम नीटस दिसते. पण साडेतेराचे दोन तुकडे एका लादीतून निघत नाहीत. पहिल्या पद्धतीत एकतीस लाद्यांत काम भागते, दुसरीत छत्तीस लागतात. खोक्यात चार लाद्या असतील तर आठ खोक्यांची नऊ होतात, तुटफूट वेगळीच. सौंदर्यासाठी एक खोके जास्त घालायचे का, हा निर्णय घरमालकाचा. पण हा प्रश्न त्याला काम सुरू होण्याआधी कागदावर चौकटी काढून विचारणारा कारागीर क्वचित भेटतो. अनुभव नसलेल्या मुलाने ओळख करून द्यायची तर ती अशी. ‘मला चांगलं जमतं’ हे सगळेच म्हणतात.

हे दाखवायचे कोणाला, हा पुढचा प्रश्न. सकाळी नाक्यावर उभे राहणे हा मार्ग पहिल्यांदा सुचतो. माझ्या मते नव्या लादीवाल्यासाठी तो फारसा उपयोगाचा नाही. नाक्यावर माणूस रोजावर, अंगमेहनतीसाठी उचलला जातो. तिथे तो बिगारी म्हणून गेला की बिगारीच राहतो, आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्याच कामावर असतो. टॉवरच्या मोठ्या साइटचेही तसेच: विकासक, मुख्य ठेकेदार, लादीचा ठेकेदार, टोळीचा मुकादम अशी उतरंड असते, आणि खालच्या पायरीवर पुन्हा तो गावचाच प्रश्न. तिथे शिरायचे असेल तर ताबा देण्याआधीच्या शेवटच्या महिन्यांत विचारावे. मोठी टोळी पुढच्या इमारतीत सरकलेली असते आणि मागे राहतात तडकलेल्या चार लाद्या, राहून गेलेली स्कर्टिंग, उखडलेले ग्राउट. मुकादमाला ही किरकोळ कामे नकोशी वाटतात, आणि चुकले तरी नुकसान थोडे.

सगळ्यात चांगले दार प्लंबरचे. लिकेज हा मुंबईचा बारमाही रोग आहे. जुन्या इमारतीत वरच्या मजल्याची मोरी खालच्याच्या छतावर ओल आणते, सोसायटीची नोटीस येते, प्लंबर येऊन सहा लाद्या फोडतो, पाइप बदलतो आणि निघून जातो. त्या सहा लाद्या लावायला मोठा मिस्त्री येत नाही. त्याचा अर्धा दिवस जातो आणि हाती फार काही पडत नाही. घरमालक आठवडाभर पोतेरे टाकून दिवस काढतो. या सहा लाद्यांना जाणारा मुलगा प्लंबरला हवा असतो, कारण त्याचेही काम त्यामुळे पुरे होते आणि पैसे मोकळे होतात. हार्डवेअरच्या दुकानदाराचेही तसेच. या लहान कामांत एक खास कसब लागते: जुनी लादी बाजारातून गेलेली असते, तेव्हा जोड कशी लावायची? कधी सिंकखालची लादी अलगद काढून दर्शनी जागी लावायची आणि सिंकखाली नवी दडपायची. कधी मुद्दामच वेगळ्या रंगाची पट्टी पूर्ण रांगेत फिरवायची, म्हणजे ठिगळ डिझाइन वाटते. अशी पाच-दहा घरे झाली की त्यांतलेच एखादे पुढे अख्खे बाथरूम देते. ज्या घरात पाणी थांबवले, तिथे माल हाती द्यायला कोणी कचरत नाही.

फोनमध्ये फोटो ठेवायचे तर चकचकीत झालेल्या बाथरूमचे कशाला? ते सगळ्यांकडे असतात. लादीखाली झाकून जाणारे दाखवावे: वॉटरप्रूफिंगचा थर, जाळीभोवतीचा सांधा, पाणी भरून ठेवलेली मोरी, आणि उतार मोजताना धरलेली लेव्हल. चार फुटांत साधारण पंधरा मिलिमीटर उतार दिला की पाणी जाळीकडे धावते. हे लेव्हलच्या फोटोत दिसते आणि जाणकार घरमालक तेच बघतो.

काम अंगावर घेतानाच बोलून ठेवायच्या गोष्टी निराळ्या, आणि नवे पोर तिथे संकोचाने मार खाते. दर चौरस फुटावर असेल तर दरवाजा-खिडकीचे माप वजा होणार का. स्कर्टिंग आणि कडांचे काम धावत्या फुटावर वेगळे धरणार का. जुनी लादी कोण फोडणार, डेब्री कोण उतरवणार, कटरचे ब्लेड कोणाचे. उचल किती आणि कधी. फरशी बदलणे किरकोळ दुरुस्तीत मोडते, पालिकेच्या परवानगीचा प्रश्न सहसा येत नाही. सोसायटीचे पत्र मात्र लागते, कुठे अनामत रक्कम भरावी लागते, आणि बहुतेक सोसायट्या दुपारी मशीन लावू देत नाहीत. दिवसाचे दोन तास असे गेले की तीन दिवसांचे काम चार दिवसांवर जाते. दर सांगताना हे धरले नसेल तर चौथा दिवस फुकटचा.

मशीनवरून आठवले. कोरड्या ब्लेडने लादी कापताना उडणारी पांढरी धूळ साधी नसते. तिच्यात सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. स्वयंपाकघराच्या ओट्याला वापरतात त्या कृत्रिम क्वार्ट्झमध्ये तर तिचे प्रमाण इतके असते की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तो दगडच बंद केला. ब्लेडवर पाण्याची धार आणि तोंडाला नीट बसणारा मास्क, एवढे तरी पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडावे. साइटवर रुमाल बांधून काम करणारे उस्ताद दिसतील. त्यांचे हे मात्र उचलू नये.

कामाच्या शोधात परदेशाचा विषय निघतोच. इस्रायलने भारतातून बांधकाम कामगार न्यायला घेतले, त्यात हव्या असलेल्या चार कसबांत लादीकाम एक होते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या चाचण्या पुण्यात औंधच्या सरकारी आयटीआयमध्ये झाल्या. पगार महिन्याला लाखाच्या वर. युद्धाच्या छायेतले हे काम कोणी घ्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. आधीच्या फेरीत गेलेल्यांपैकी काहींना कसब कमी पडले म्हणून दुसऱ्याच कामांना लावल्याच्या बातम्या आल्या होत्या, हे मात्र लक्षात ठेवावे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्येच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातल्या यादीत फरशीचे गवंडीही आहेत. तिथे भाषा शिकावी लागेल, आणि हातही बसलेला लागेल.

राहिले कागद. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी १८ ते ६० वयाच्या कामगाराला करता येते. बांधकामांवर जो एक टक्का उपकर गोळा होतो, त्यातून मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, अपघाताला मदत मिळते. पण आधीच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नव्या मुलाला अनुभवाची अट इथेही भेटते, आणि सहा-सहा लाद्यांची कामे करणाऱ्याला असा दाखला देणारा एक मालक नसतो. म्हणून प्रत्येक ठेकेदाराकडून, दोनच दिवस काम केले असले तरी, निघतानाच तारखा लिहून सही घ्यावी; वर्षभराने मागायला गेले तर त्याला नावही आठवत नाही. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत राजमिस्त्री हा अठरा व्यवसायांपैकी एक आहे; ओळखपत्र, थोड्या दिवसांचे प्रशिक्षण आणि अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत मिळते. एवढ्यात चांगला कटर, दातेरी थाप्या, रबरी हातोडा आणि साधी लेसर लेव्हल येऊ शकते. लेसर नसली तरी अडत नाही. पाणी भरलेली पारदर्शक नळी तेच काम करते, फक्त तिच्यात हवेचा बुडबुडा राहिलेला नाही ना, हे दर वेळी पाहावे लागते.